तीनशे किलोंचा भरवसा

जी म्हणून वस्तू डोक्याच्या वर आहे ती आज ना उद्या खाली येणारच, आणि येईल तेव्हा नेमकं आपल्याच घरातलं कुणीतरी तिच्याखाली असणार, असं मानून चालणारा सबंध सांगली जिल्ह्यातला एकमेव माणूस म्हणजे माझे तासगावचे साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. अंगाने असे आडवे की दारात उभे राहिले की खोलीतला उजेड कमी होतो. मिशा, दंड, आवाज, सगळं भरभक्कम. पण आमच्या साताऱ्याच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसायच्या आधी त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, खाली सोफ्याकडे पाहिलं, आणि सोफा दोन हात भिंतीकडे सरकवून मगच टेकले. "हूक कुणी ठोकलाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "घर बांधलं तेव्हाच्या गवंड्याने." "त्यो गवंडी आता कुठं असतो?" मला काय ठाऊक? ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही अशा माणसाने ठोकलेल्या हुकाखाली मी वीस वर्षं बिनघोर पेपर वाचतोय, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की चहा त्यांनी निम्माच घेतला.

त्यांची एक सवय अशी की कुठेही गेले की उजव्या हाताचं मधलं बोट मुडपून समोरच्या खांबावर, चौकटीवर, कठड्यावर दोनदा ठोकायचं आणि मान वाकडी करून ऐकायचं. डॉक्टर पाठीला नळी लावून ऐकतात ना, तितक्याच गंभीरपणे. एसटीत सामानाच्या फळीवर कुणी मोठी पेटी ठेवली की दाजी उठून ती उतरवतात आणि सबंध प्रवास मांडीवर घेऊन बसतात. पेटी दुसऱ्याची, मांडी यांची. लोणंदला आमच्या एका नातलगाच्या मुलीचं लग्न होतं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी दाजी दिसेनात. अक्का, म्हणजे त्यांची बायको, चारी दिशांना मान वळवून दमल्या. पुढे महिन्याभराने फोटोंचा अल्बम आला तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक फोटोत नवरानवरीच्या मागे, फुलांच्या कमानीच्या आडून, एक मिशीवाला गृहस्थ कमानीचा पाइप दोन्ही हातांनी धरून उभा आहे. "सुतळीनं बांधलेली व्हती ती," दाजी म्हणाले, "पोरीच्या डोक्यावर आली असती म्हंजे?" नवरीच्या आईने तो अल्बम अजून कुणाला दाखवलेला नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, गडी भित्रा आहे. तसं मुळीच नाही. स्वतःच्या बाबतीत दाजी वाटेल तिथे बसतील. तासगावच्या बाहेर घराला लागूनच त्यांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. द्राक्षबागांचे मांडव आणि बेदाण्याच्या शेडमधले जाळीचे मजले उभे करणं हा त्यांचा धंदा. काम झालं की पहिल्या मजल्यावर माल चढवायला लावायचा, आणि आपण त्याच्या बरोबर खाली मांडी घालून बसून भाकरी खायची, हा त्यांचा शिरस्ता. भाकरी संपली की काम पास. आसपासचे बागायतदार बिलाबिलाचं काही विचारत नाहीत, "दाजी खाली बसून जेवलं का?" एवढंच विचारतात. यामागे एक जुनी गोष्ट आहे. तरुणपणी दाजी ज्या उस्तादाकडे काम शिकत होते त्याने कवठे महांकाळच्या बाजूला बांधलेला एक मांडव काढणीच्या दिवशीच भरल्या घडांसकट बसला. खाली दोन बायका घड काढत होत्या, त्या तेवढ्यात पाणी प्यायला उठल्या होत्या म्हणून वाचल्या. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण "त्यास्नी तवा तहान लागली नसती तर?" हा प्रश्न दाजींच्या डोक्यात जो शिरला तो चाळीस वर्षं झाली तरी बाहेर पडलेला नाही.

अशा माणसाच्या घरात, त्याच्या बायकोने, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, छातीवर लोखंड उचलायला सुरुवात केली.

झालं असं, की अक्का ओल्या अंगणात घसरल्या आणि मनगट मोडलं. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, हाडं ठिसूळ होत चालली आहेत. गोळ्या घ्या, आणि शिकून घेऊन बेताबेताने वजनं उचला, हाडांना ओझ्याची सवय राहिली पाहिजे. अक्का म्हणजे दाजींच्या बरोबर उलट. त्या हसायलाच लागल्या. "जल्मभर घागरी उचलल्या, चाऱ्याचं भारं उचललं, तवा कुणी त्याला व्यायाम म्हणलं न्हाई. नळ आला आन माझी हाडं बिघडली!" सांगलीला एका बाईंकडे दोन महिने जाऊन त्या रीतसर शिकल्या. मग पुण्याच्या मुलाने घरीच सगळा संच पाठवून दिला. बेंच, लांब रॉड, लोखंडी प्लेटा, आणि रॉड ठेवायचा उभा स्टँड. या स्टँडला पुढे आलेले दोन दांडे असतात. बेंचवर उताणं झोपून छातीवरून रॉड उचलताना हात दमला, रॉड सुटला, तर तो छातीवर किंवा गळ्यावर न येता या दांड्यांवर अडकावा म्हणून. त्याला सेफ्टी म्हणतात. दाजींनी खोकी उघडली, बाकी कशाला हात न लावता ते दोन दांडे उचलले, बोट मुडपून दोनदा ठोकलं, आणि मला साताऱ्याला फोन लावला. "पाव्हणं, पैल्या गाडीनं या. कागुद इंग्रजीत हाय."

मी भूगोलाचा मास्तर. लोखंडाशी माझा संबंध खनिजसंपत्तीच्या धड्यापुरता. तरी गेलो. पुस्तिका वाचून सांगितलं, सेफ्टीवरचा कमाल भार दोनशे किलो. "कुणी बघितलाय?" दाजी म्हणाले. मी म्हटलं, कंपनीने. त्यांनी पुस्तिकेवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाजाची मुलगी "सर, प्रॉडक्ट टेस्टेड आहे" असं पुन्हा पुन्हा सांगत होती आणि दाजी तितक्याच नम्रपणे विचारत होते, "त्ये खरं वं ताई, पन तवा खाली कोन झोपलं व्हतं?" या प्रश्नाचं उत्तर तिच्यापुढच्या कागदावर नसावं, कारण थोड्या वेळाने नुसतंच संगीत वाजू लागलं. दाजींनी ते दहा मिनिटं ऐकलं आणि फोन ठेवला. दांडे त्यांनी खोक्यात परत घातले. "पत्र्याची नळी हाय. ह्याच्या भरवशावर मी हिला झोपवू?"

आठ दिवसांत त्यांनी स्वतःच्या हातांनी सेफ्टी तयार केली. मांडवाला वापरतात तो जाड अँगल, आणि खांबाला वेल्डिंग असं की बघणाऱ्याने नमस्कार करावा. मग परीक्षा. बेदाण्याच्या पंधरा-पंधरा किलोंच्या वीस पेट्या मागवल्या आणि दोन दांड्यांवर फळी टाकून एकेक पेटी, तान्हं मूल निजवावं तशी अलगद रचली. तीनशे किलो. त्याखाली पोतं अंथरून दाजी भाकरी घेऊन बसले, आणि मला म्हणाले, "या पाव्हणं. तुमचाबी इस्वास बसला पायजे." मी अक्कांकडे पाहिलं. त्या दुसरीकडे बघून तोंडाला पदर लावत होत्या. काय करणार, सासरचा मामला. गुडघे पोटाशी घेऊन, मान वाकवून मी त्या बेदाण्याखाली बसलो. दाजी भरीत वाढत होते आणि मी वरच्या पेट्या मोजत होतो. वर काहीतरी बारीक कुरकुरत होतं, आणि कपाळाला घाम आला तो पुसायलाही हात वर नेववत नव्हता. दाजींनी सावकाश दोन भाकऱ्या खाल्ल्या, ढेकर दिली, म्हणाले, "पास." पेट्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशाच होत्या. अँगल केसभरसुद्धा वाकला नाही.

पुढचे तीन महिने सगळं छान चाललं. म्हणजे अक्कांचं छान चाललं. त्या नुसत्या रॉडवरून सुरुवात करून तीस किलोंपर्यंत पोचल्या, चालणं ताठ झालं, डॉक्टरही खूश झाले. दाजींचं मात्र वजन उतरलं. बायको बेंचवर झोपली की हे तिच्या डोक्याशी उभे राहून रॉडच्या खाली दोन्ही तळवे धरायचे, म्हणजे रॉड सुटला तर आधी तळव्यांवर, मग सेफ्टीवर. अक्का वैतागायच्या. "आवं, सरका की तिकडं! तुमचं त्वांड बघून मला वाटतंय मी मेलीच!" ते एक पाऊल मागे जायचे आणि पुन्हा दोन पावलं पुढे यायचे.

आणि मग ते घडलं. दाजी वर्कशॉपमध्ये होते. अक्का स्टँडवरच्या रॉडला प्लेटा लावत होत्या. एका बाजूच्या सगळ्या लावून झाल्या आणि त्या दुसऱ्या बाजूला वळणार एवढ्यात रॉड कलला, उसळला आणि जड बाजूने दाणकन खालच्या सेफ्टीवर आला. तीनशे किलो वीस-बावीस तास अंगावर वागवलेलं ते वेल्डिंग तीस किलोंच्याही आतल्या वजनाला काडकन सुटलं. दांडा लोंबकळला आणि रॉड बेंचवर पडला. अक्का बाजूला उभ्या होत्या, त्यांना काही झालं नाही. पण बेंचचं रेक्झिन जिथे फाटलं होतं ती जागा त्यांची मान टेकायची होती. आवाज ऐकून दाजी धावत आले. अक्का धडधाकट उभ्या दिसल्या तरी ते त्यांच्याकडे बघेनात. त्या फाटलेल्या रेक्झिनवर हात फिरवत राहिले.

त्यांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली बनियनच्या खिशात ठेवली. अक्कांनी बोलणं टाकलं. दोन आठवडे झाले तेव्हा त्यांच्या घरी राहणाऱ्या पुतणीने मला फोन केला, काका, तुम्ही येऊन जा. मी गेलो तर वर्कशॉपही बंद. दाजी ओट्यावर बसलेले, दाढी वाढलेली. हाताशी खांब होता, पण त्यांनी एकदाही ठोकून पाहिला नाही. 

"तीनशे किलो पेललं, पाव्हणं," ते म्हणाले. "तुमीबी खाली बसला व्हता."

"व्हय दाजी," मी म्हटलं, आणि मलाही उगीच अपराधी वाटलं.

"चाळीस वरसं मांडव केलं. बागंचं वजन कसं येतं? मनी धरतो, पानी भरतं, घड वाढतोय, तीन-चार म्हैनं जात्यात. लोखंडाला सवड मिळती. पेट्याबी मी तशाच ठेवल्या, हळू. वरनं पडनारं वजन मला ठावंच नव्हतं. आन त्याच्याखाली मी हिला झोपवत व्हतो, रोज." त्यांनी बनियनच्या खिशातली किल्ली चाचपली. "आता खोली उघडली तर ही भीती, न उघडली तर हाडाची भीती. डाक्टर म्हनतोय थांबू नका. मी काय करू?"

त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.  भूगोलात याचं काहीच शिकवत नाहीत.

अक्का दारात उभ्या होत्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच बोलल्या, तेही माझ्याकडे बघून. "मास्तर, ह्यास्नी सांगा. उखळात चटणी कांडताना आमी उखळाखाली दुमडून गोणपाट घालतो. का घालतो? फरशी फुटू नये म्हनून. कडक अंगावर कडक आपटलं की फुटतंयच. एवढं तर घरातल्या पोरीलाबी कळतंय. पन मला कुणी इचारलंय का? खाली झोपनार मी, आन भाकरी खानार तुमी दोघं!"

 दाजी उठले, दाढी केली आणि वर्कशॉप उघडलं.

या वेळी जे झालं ते नवरा-बायको दोघांनी मिळून केलं. दांडे नुसते खांबाला चिकटून पुढे आलेले नकोत, म्हणून त्यांच्या पुढच्या टोकांना थेट जमिनीपर्यंत पाय दिले. वेल्डिंगवर सगळा भार नको म्हणून जाड बोल्ट घातले. वर ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे पट्टे, किती थर घालायचे ते अक्का अंगठ्याने दाबून ठरवत होत्या. मग आठवडाभर त्या खोलीत वजनं आपटत होती. वीतभर उंचीवरून, हातभरावरून, दोन्ही बाजूंनी, एकाच बाजूने. शेजारच्या म्हातारबाबांनी येऊन विचारलं, घर पाडताय का. परीक्षा पुरी झाली तेव्हा मला पुन्हा बोलावणं आलं. मला वाटलं, जेवायला खाली बसवणार. त्याऐवजी दाजी बेंचवर उताणे झोपले. त्यांची छाती मोठी म्हणून सेफ्टी एक भोक वर घेऊन पायांखाली लाकडाचे ठोकळे दिले होते. रॉडला साठ किलो लावले होते, म्हणजे अक्का उचलतात त्याच्या दुप्पट. "एका टोकाला तुमी, एका टोकाला ती. उचला, आन मी तीन म्हनलो की सोडा."

आम्ही उचलला. दाजींनी डोळे मिटून तीन म्हटलं. मी सोडला नाही. अक्कांनीही नाही. दाजींनी पुन्हा तीन म्हटलं.  खाली ती मिशी, तो गळा, आणि वर मी, ज्याने आयुष्यात पाण्याच्या बादलीपेक्षा जड काही उचललेलं नाही. एकाने सोडला आणि दुसऱ्याने धरून ठेवला तर काय होईल तेही दिसत होतं. "सोडा की रं!" दाजी खालून ओरडले. मी अक्कांकडे पाहिलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "मास्तर," त्या हळूच म्हणाल्या, "माझं हात दमलं. एक, दोन..." आणि आम्ही सोडला.

धप्प असा जाड, दबका आवाज आला. रॉड रबरावर एकदा उसळला आणि थांबला. त्याच्या आणि दाजींच्या गळ्याच्या मध्ये चांगलं चार बोटं अंतर होतं. दाजींनी डोळे उघडले, अंतर पाहिलं आणि म्हणाले, "आनी एकदा." पण अक्का मटकन फरशीवर बसल्या होत्या आणि पदरात तोंड घालून रडत होत्या. मनगट मोडलं तेव्हा न रडलेली बाई. दाजी रॉडखालून कसेबसे सरकत बाहेर आले आणि शेजारी बसले, तेव्हा त्या म्हणाल्या, "एकदाच झोपला तुमी, तर माझ्या जिवाचं पानी झालं. तुमी तीन म्हैनं रोज कसं बघत व्हता वं?"  मी बाहेर जाऊन चपला शोधत उभा राहिलो.

त्यानंतर त्यांनी दोघांत एक करार केला. अक्का व्यायाम करतात तेव्हा दाजींनी खोलीत यायचं नाही, कारण ते बघत असले की अक्कांचे हात थरथरतात. दाजी बाहेर ओट्यावर बसतात. आत कधी रॉड सेफ्टीवर आला, आणि तो येतोच, हात दमतात, तर अक्कांनी लगेच "हाय!" अशी हाक द्यायची. मी आहे, एवढाच निरोप. परवा गेलो होतो तेव्हा मीही त्यांच्याजवळ बसलो होतो. दाजी बेदाण्याच्या हंगामाबद्दल काहीबाही सांगत होते. आत धप्प झालं. ते वाक्याच्या मध्येच थांबले. उठले नाहीत, दाराकडे बघितलंही नाही, नुसते गुडघ्यावर हात ठेवून बसले. हाक यायला त्या दिवशी जरा उशीर झाला. किती, ते मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात ते मला फार म्हातारे दिसले. मग आतून धापा टाकत आवाज आला, "हाय वं, हाय!" आणि दाजींनी पुढचं वाक्य सुरू केलं. ते आधीच्या वाक्याला कुठेच जोडलेलं नव्हतं, पण मी तसं दाखवलं नाही.

संध्याकाळी साताऱ्याला परत आलो. पेपर उघडून बसलो तोच स्वयंपाकघरात काहीतरी मोठ्याने पडलं. इतक्या वर्षांत हजारदा पडलं असेल, मी पान उलटून पुढे वाचलेलं आहे. या वेळी मात्र माझे कान तिकडेच लागले. आतून काहीच आवाज आला नाही. तिला बिचारीला काय माहीत, की हाक द्यायची असते. मी पेपर टाकून जवळजवळ पळतच आत गेलो. बायको खाली वाकून डब्यातले सांडलेले पोहे भरत होती.

"काय झालं?" तिने वर बघून विचारलं. "असे का आलात?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि तिच्याबरोबर पोहे भरायला खाली बसलो.